कच्चें लिंबू

मुलांच्या खेळांत कायदे पुष्कळ असतात आणि ते मोडणाराची गय केली जात नाहीं. परंतु त्याच कायद्यांत मुलांनीं एक सवलतही ठेविलेली आहे. शिवाशिवीचा किंवा लंगडीचा डाव मांडला कीं घरांतील एखादें चार-साडेचार वर्षांचें भावंड ‘मलाही घ्या’ म्हणून हट्ट धरतें. त्याला हांकलून द्यावें तर तें रडत आंत जाणार, आणि घ्यावें तर डाव बिघडणार. अशा वेळीं मोठीं मुलें क्षणभर विचार करून निकाल देतात, ‘बरें, ये, पण तूं कच्चें लिंबू!’ कच्च्या लिंबानें सर्वांबरोबर धांवावें, ओरडावें, लपावें. पण त्याला कोणी शिवलें तरी तें बाद होत नाहीं आणि त्याच्यावर राज्यही येत नाहीं. खेळांत असून नसल्यासारखें असें हें स्थान आहे. तरी तें मिळालें म्हणजे त्या जिवाला स्वर्ग दोन बोटें उरतो.

ज्या मुलांनीं ही सवलत काढली त्यांनीं मानसशास्त्र वाचलेलें नव्हतें. परंतु लहानग्याला खेळाबाहेर ठेवणें म्हणजे मैत्रीबाहेर ठेवणें होय, हें त्यांस बरोबर उमगलेलें होतें. मुलाच्या हातापायांच्या कौशल्याचा त्याच्या सवंगड्यांशीं काय संबंध असतो, याचा विचार या महिन्यांत करावयाचा आहे. विषय वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. ‘पडेल, धडपडेल, शिकेल’ असें म्हणून आपण तो सोडून देतों. पुष्कळ मुलें तशीं शिकतातही. प्रश्न आहे तो उरलेल्यांचा.

मोठ्या माणसांची मैत्री बहुधा बोलण्यांतून जमते. दोन गृहस्थ आगगाडींत समोरासमोर बसले कीं गांव, नोकरी, ओळखीपाळखी यांच्या चौकशींत अर्ध्या तासांत त्यांचा स्नेह जुळतो. तीन-चार वर्षांच्या मुलांस हें साधन नसतें. ‘तुझा मित्र कोण?’ असें पांच वर्षांच्या मुलास विचारून पाहावें. ‘जो माझ्याशीं खेळतो तो’ याहून निराळी व्याख्या बहुधा त्याच्यापाशीं नसते. आणि खेळणें म्हणजे तरी काय? धांवणें, एकदम थांबणें, चढणें, उडी मारणें, फेंकणें, झेलणें, एका पायावर तोल सांभाळणें, आणि हें सर्व दुसऱ्याच्या गतीशीं आपली गति जुळवून करणें. या वयांत शरीर हीच मुलांची बोलभाषा होय. एकानें कट्ट्यावरून उडी मारली कीं दुसऱ्यानें मारावयाची, हा त्यांचा संवाद. ज्याला उडी साधत नाहीं तो परमुलखांत उतरलेल्या पाहुण्याप्रमाणें नुसता हंसत उभा राहतो. बोलणें चाललें आहे हें त्याला दिसतें, पण त्यांत भाग घेतां येत नाहीं.

मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन विदुषीनें मिनेसोटा विद्यापीठाच्या बालशाळेंतील मुलांचें बारकाईनें निरीक्षण करून १९३२ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. मुलांच्या वागण्याचे तिनें सहा प्रकार पाडले: नुसतें रिकामें असणें, एकट्यानें खेळणें, दुसऱ्यांचा खेळ पाहत राहणें, दुसऱ्याच्या शेजारीं बसून आपला वेगळा खेळ खेळणें, मिळूनमिसळून खेळणें, आणि कामें वांटून घेऊन एकोप्यानें खेळणें. वय वाढतें तसतसे शेवटचे दोन प्रकार वाढत जातात. यांतील तिसरा प्रकार, म्हणजे प्रेक्षकाचा, आपल्या विषयाला महत्त्वाचा आहे. दोन-अडीच वर्षांचें मूल पाहत उभें राहतें तें स्वाभाविकच. तें पाहून शिकत असतें. पण सहा-सात वर्षांचें मूल दररोज कठड्याला टेकून दुसऱ्यांचा खेळ पाहत असेल, तर तें पाहणें शिकण्याचें राहिलेलें नसून वाट पाहण्याचें झालेलें असण्याचा संभव आहे.

ब्रिटनमधील दोन विदुषींनीं शाळेच्या क्रीडांगणावर अशीच टेहळणी करून २००० सालीं आपले निष्कर्ष मांडले. ज्या मुलांच्या हालचालींत मेळ नव्हता तीं मुलें मधल्या सुटींत इतरांपेक्षां अधिक वेळ एकटीं असत व अधिक वेळ प्रेक्षक असत. २००६ सालीं इस्रायलमधील बालवाड्यांतील मुलांविषयींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतही हातापायांनीं मागें असलेलीं मुलें एकलकोंड्या खेळांत आणि संकोचानें बाजूला राहण्यांत अधिक आढळलीं. घराजवळच्या पटांगणावर घटकाभर डोळे उघडे ठेवून बसलें तर अशींच मुलें आपल्याही नजरेस पडतील.

अर्थात् येथें घाईनें सिद्धांत बांधूं नये. दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एक दुसरीचें कारण ठरत नाहीं. लाजाळू मूल कमी खेळतें म्हणून त्याचे हातपाय अडाणी राहतात, कीं हातपाय अडाणी म्हणून तें लाजाळू होतें? बहुधा दोन्ही. येत नाहीं म्हणून कोणी खेळायला घेत नाहीं, आणि कोणी घेत नाहीं म्हणून सराव होत नाहीं, असें हें रहाटगाडगें आहे. शिवाय प्रत्येक शांत मूल दुःखीच असतें असेंही नाहीं. एकच जिवलग मित्र पुरणारीं मुलें असतात, आणि मनापासून एकट्यानें रमणारींही असतात. त्यांस बळेंच गर्दींत लोटणें हा निराळाच अन्याय होईल.

परंतु आपल्यासारख्या लिहित्यावाचत्या घरांत याच्या उलट चूक होण्याचा धोका अधिक आहे, आणि ती सांगण्यासाठींच हा लेखप्रपंच. खेळांतून वारंवार बाहेर पडलेलें मूल हळूहळू मोठ्या माणसांत येऊन बसूं लागतें. कारण उघड आहे: मोठीं माणसें त्याच्या गतीनें चालतात, त्याच्या उंचीवर चेंडू टाकतात, तें हरलें तर त्याला जिंकूं देतात. आजोबा त्याला जवळ घेऊन गोष्ट सांगतात, आजी हातावर खाऊ ठेवते, काका नवें पुस्तक आणून देतात. पाहुणे आले कीं त्यांच्यासमोर कौतुक होतें, ‘आमचा हा फार समंजस! इतर मुलांसारखा उनाडपणा नाहीं. सदा पुस्तकांत डोकें.’ मुलाला कौतुक गोड लागतें, पालकांना अभिमान वाटतो, आणि ज्या जखमेवर औषध व्हावयास हवें होतें तिच्यावर शालजोडी पांघरली जाते. पुस्तकाची आवड ही अनमोल आहे. ती कोणाची कमी व्हावी असें कोणीही म्हणणार नाहीं. मात्र मूल पुस्तकाकडे धांवत गेलें, कीं खेळांतून परतून गेलें, एवढें पाहून घ्यावें. खालून आरोळी ऐकूं येतांच वाचणाऱ्या मुलाची मान खिडकीकडे वळते कीं नाहीं, यावर लक्ष ठेविलें तरी पुष्कळ कळतें.

आतां कोणत्या वयांत काय यावें, याची अटकळ असणें बरें. अमेरिकेंतील सरकारी रोगनियंत्रण केंद्रानें २०२२ सालीं सुधारून प्रसिद्ध केलेल्या यादींत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक मुलांस जें साधतें तेवढेंच त्या त्या वयाखालीं घातलेलें आहे. तीप्रमाणें चवथें वर्ष पुरें होईतों मूल मोठा चेंडू बहुतेक वेळां झेलतें व कांहीं गुंड्या सोडतें. पांचवें पुरें होईतों एका पायावर उड्या मारतें व कांहीं गुंड्या लावतें. म्हणजे लंगडीची विद्या सामान्यतः पांच वर्षांच्या सुमारास पायांत येते. साडेतीन वर्षांच्या नातवाला ती येत नाहीं म्हणून चिंता करण्याचें कारण नाहीं. दुसरें असें कीं एका वर्गांत बसणाऱ्या मुलांच्या वयांत अकरा महिन्यांचेंही अंतर असूं शकतें. चाळिशीच्या गृहस्थास अकरा महिने म्हणजे कांहींच नव्हे. चार वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा तो जवळजवळ चवथा हिस्सा होय. ‘त्याला येतें, तुला कां येत नाहीं?’ असें विचारण्यापूर्वीं दोघांच्या जन्मतारखा पाहाव्या.

तथापि कांहीं मुलांची अडचण वयाची नसते. वय वाढलें, संधि मिळाली, तरी जिना उतरतांना त्यांचा तोल जातो, पेला हमखास लवंडतो, गुंडी घरांत शिरत नाहीं, चेंडू अंगावर आल्यावर हात पुढें होतात. वैद्यकांत या दोषास ‘डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर’ असें नांव आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथांत हें नांव १९८७ सालीं आलें, आणि त्याच ग्रंथाच्या २०१३ सालच्या आवृत्तींत ५ ते ११ वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ५ ते ६ जणांत हा दोष आढळतो असें नमूद आहे. या हिशेबानें चाळीस मुलांच्या वर्गांत दोघांस तरी तो असावयाचा. अशीं मुलें बुद्धीनें उणीं असतात असें मुळींच नाहीं, आणि आळशी तर नसतातच. इतरांस जें सहज साधतें त्यासाठीं त्यांस दुप्पट कष्ट पडतात. पांच वर्षांच्या आंत हें निदान सहसा करीत नाहींत, कारण तोंपर्यंत मुलांमुलांच्या वाढींत स्वाभाविक फरक फार असतो. मात्र आलेली हालचाल नाहींशी होऊं लागणें, एकच हात किंवा पाय दुबळा दिसणें, वारंवार पडणें, यांपैकीं कांहीं आढळल्यास कोणत्याही वयांत विलंब न करितां बालरोगतज्ज्ञांस दाखवावें. डोळेही तपासून घ्यावे. चेंडू न झेलणाऱ्या मुलाला कित्येकदां तो नीट दिसतच नसतो.

निदान कांहींही होवो. घरानें एक गोष्ट आजपासून सोडावी, ती म्हणजे नांवें ठेवणें. ‘वेंधळा’, ‘धांदरट’, ‘हातांत भोंक आहे काय?’ हीं आपल्या माजघरांतील नित्याचीं वाक्यें. बोलणाराच्या मनांत विष नसतें. पण तीं ऐकण्यास चुलत-आते भावंडें जवळच बसलेलीं असतात, आणि घरांत मिळालेलें नांव दुसऱ्या दिवशीं अंगणांत पोंचतें. नंतर भिडू वांटून घेतांना त्या मुलाला शेवटपर्यंत कोणी मागत नाहीं.

नांवें ठेवणें सोडलें तरी पुढें काय करावें हा प्रश्न राहतोच. येथें एकत्र कुटुंबाची व कच्च्या लिंबाची आठवण पुन्हां होते. ज्या वाड्यांत चार वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतचीं दहा मुलें एकत्र वाढत, तेथें प्रत्येक जण कधीं ना कधीं कच्चें लिंबू होऊन गेलेला असे. म्हणून त्यांत कमीपणा नसे. आजच्या शाळेंत सारीं मुलें एका वयाचीं. समवयस्कांत कोणी कोणाला सवलत देत नाहीं. ‘एवढा मोठा झालास तरी येत नाहीं?’ हाच तेथला न्याय. म्हणून ज्या घरांत आजही लहानमोठीं भावंडें एकत्र नांदत असतील, सुटींत तरी जमत असतील, त्यांनीं आपल्याकडे केवढें धन आहे हें ओळखावें.

मात्र या सवलतींत एक फसवणूकही आहे. कच्चें लिंबू ही पायरी आहे, तो मुक्काम नव्हे. ज्याच्यावर राज्य येत नाहीं त्याला पळून सुटल्याचा आनंदही पुरता होत नाहीं, आणि आपण मोजणींत नाहीं हें मुलाला आपल्या कल्पनेपेक्षां लवकर कळतें. सहा वर्षांचें मूल वर्षानुवर्षें कच्चेंच राहिलें तर ती दया न राहतां हद्दपारी होते. मोठ्या माणसांचें काम आहे तें येथें: कच्च्या लिंबाला पिकूं देण्याचें.

त्यासाठीं पहिलें काम असें कीं, आपल्या गल्लींत किंवा इमारतींत मुलें सध्यां कोणता खेळ खेळतात तें पाहावें, आणि त्यांतील नेमकी कोणती हालचाल आपल्या मुलास अडते तें हेरावें. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या शिफारशींचें मर्मही असेंच आहे: नुसता मोघम व्यायाम देण्यापेक्षां मुलाला जी क्रिया प्रत्यक्ष हवी आहे तिचाच सराव द्यावा. लंगडी अडत असेल तर आधीं भिंतीला हात लावून एका पायावर उभें राहणें, मग हात सोडून, मग आईचा हात धरून दोन उड्या, मग चार. चेंडू अडत असेल तर कापडाचा मोठा चेंडू आधीं जमिनीवरून लोटावा, मग टप्पा देऊन, मग दोन हातांवरून फेंकावा. दहा मिनिटें पुरेत. पण तीं चार डोळ्यांआड, एकाच माणसाबरोबर आणि हंसतखेळत असावींत. ज्याला चुकतांना कोणी पाहत नाहीं तो लवकर शिकतो.

दुसरें, गर्दीऐवजीं एकच सवंगडी घरीं बोलवावा, आणि ज्यांत कोणी बाद होत नाहीं असे खेळ आरंभीं योजावे. या बाबतींत आपल्या ओसरीवरचा झोपाळा मोठा गुणी आहे. वॉशिंग्टन विद्यापीठांतील संशोधकांनीं चार वर्षांच्या मुलांच्या जोड्या झोपाळ्यांवर बसवून झुलविल्या; कांहीं जोड्या एका लयींत, कांहीं वेगवेगळ्या लयींत. पुढें दोघांनीं मिळून करावयाचीं कामें दिलीं, तेव्हां एका लयींत झुललेल्या जोड्यांचें सहकार्य अधिक चांगलें दिसून आलें. हा प्रयोग २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. हें वाचल्यावर भोंडल्याची आठवण होते. पाटावर हत्ती काढून त्याच्याभोंवतीं फेर धरणाऱ्या मुलींत कोणी हरत नाहीं. हातांत हात असतो, पाऊल सोपें असतें, आणि सर्वांत धाकटीचें पाऊल चुकलें तरी फेर तिला आपल्याबरोबर ओढून नेतो. हा लाभ मुलग्यांसही कां मिळूं नये? दिवाळींतील किल्लाही असाच. एकानें माती आणावी, दुसऱ्यानें भिजवावी, तिसऱ्यानें अळीव पेरावा, चवथ्यानें मावळे मांडावे. ज्याचे पाय मंद त्याचे हात तेथें कामीं येतात, आणि ज्याचे हात जड त्याची कल्पना.

तिसरें, घरांतील कामें मुलांच्या हातून काढून घेऊं नयेत. मारिया माँटेसोरी यांनीं १९०७ सालीं रोममधील एका गरीब वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें. पाणी ओतणें, झाडणें, गुंड्या लावणें, जमिनीवर आंखलेल्या रेषेवरून तोल सांभाळीत चालणें, यांस त्यांच्या शिक्षणपद्धतींत अक्षरओळखीइतकेंच मानाचें स्थान आहे. आपल्याकडे गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं १९२६ पासून नूतन बाल शिक्षण संघाच्या द्वारें हा विचार रुजविला. पुढें १९४५ सालीं बोर्डीस ताराबाईंनीं तो खेड्यांतील मुलांच्या अंगणापर्यंत नेला. आपल्या स्वयंपाकघरांत ही शाळा आयतीच भरलेली असते. मटार सोलणें, पाट मांडणें, पंक्तींत मीठ वाढणें, देवासाठीं फुलें ओवणें, रांगोळीचे ठिपके घालणें, हे बोटांचे उत्तम धडे आहेत. सांडलें तर फडकें द्यावें, उपदेश देऊं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं तीन-चार वर्षांच्या मुलांसाठीं दिवसाकांठीं निदान १८० मिनिटांची हालचाल, त्यांपैकीं ६० मिनिटें दमविणारी, आणि पडद्यासमोर बसणें फार तर एक तास, असें प्रमाण सांगितलें आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या एका बोटाची हालचाल या हिशेबांत धरूं नये, हें सांगणें नको.

चवथें व शेवटचें काम घरांतील दहा-बारा वर्षांच्या मुलांवर सोंपवावें. त्यांना हुकूम करूं नये. हुकूम केला कीं तीं धाकट्याला घेतात खरीं, पण त्याला ओझें समजतात. त्यांच्याशीं मसलत करावी: ‘याला अर्धें लिंबू कसें करतां येईल?’ मुलें स्वतःच तोडगा काढतात. त्याला दोन जीव द्यावे, धांवण्याचें अंतर कमी करावें, राज्य आलें तर पन्नास आंकडे मोजून संपेल इतकेंच यावें. कायदा करण्याचा मान ज्यांस मिळतो तीं मुलें तो प्रामाणिकपणें पाळतात. आणि आपण शिकविलेलें लिंबू पिकलें याचा अभिमान त्यांना आईबापांहून अधिक वाटतो.

एवढें करून कोणतेंही मूल खेळाडू होईल असें वचन येथें दिलेलें नाहीं. खेळाडू होण्याची गरजही नाहीं. चार सवंगड्यांत आपल्याला मोजतात, एवढाच विश्वास त्या वयांत हवा असतो. कच्चेपण संपलेल्या मुलावर पहिल्यानें राज्य येतें त्या रात्रीं तें जेवतांना तक्रारीच्या सुरांत सांगतें, ‘आज तीनदां माझ्यावर राज्य आलें!’ अशा वेळीं वडील मंडळींनीं त्याची कींव करूं नये. त्याच्या पानांत भात वाढावा आणि मग काय झालें तें सविस्तर विचारावें.